नैवेद्याआधीचा रोडगा

गोवरीचा धूर डोळ्यांत गेला की पाणी येतं, त्यात नवल काही नाही. पण यंदा पौषात रोडग्यांसाठी गोवऱ्या रचत होतो, तेव्हा धूर व्हायच्या आधीच माझे डोळे चुरचुरायला लागले होते. कारण दिगंबर. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. राग गेल्यावर लिहू म्हणून थांबलो असतो, तर हे लिहून झालंच नसतं.

बुलढाण्याकडचा हिवाळा ज्यानं पाहिला नाही त्याला रोडग्यांचे दिवस कसे समजावून सांगावेत? तूर कापून झालेली असते, तिच्या पेंढ्या बांधावर उभ्या असतात. हरभऱ्याला घाटे धरू लागतात आणि नुसता हात फिरवला तरी बोटांना आंबट आंब लागते. सकाळी धुकं, दुपारी पाठीला बरं वाटणारं ऊन. अशा एखाद्या रविवारी शेतात जायचं. जाडसर दळलेल्या कणकेच्या पोळ्या एकीवर एक गुंडाळून मुठीएवढे गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून द्यायचे. शेजारच्या चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असते. गोळे भाजून फुटायला आले की राख झाडायची, पाच रोडगे शेतातल्या मारुतीला नैवेद्य म्हणून ठेवायचे, आणि मग चुरून, वरण ओतून, वर तूप घेऊन बोटं चाटत जेवायचं. घाटावर असो की घाटाखाली, हा एक दिवस आमच्याकडे कुणी चुकवत नाही.

आमचं शेत देऊळघाटाच्या अलीकडे. मी बुलढाण्यात एका कार्यालयात कारकून, त्यामुळे शेत भावकीच्या जिवावर आणि रोडगे माझ्या जिवावर, अशी आमची वाटणी. त्या रोडग्यांना दिगंबर येणार नाही असं कधी झालं नाही. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, एकाच महिन्यात आमची लग्नं झाली, माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस तो आमच्या ओसरीवर झोपला. बुलढाण्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींतल्या जळालेल्या मोटारी त्याच्या हातून पुन्हा पाण्यात गेल्या असतील. त्याच्या बोटांना कायम वार्निशचा वास येतो आणि मला तो वास घरच्यासारखा आहे.

आता त्याची एक खोड सांगतो. रोडग्यांना तो नेहमी उशिरा यायचा, आणि आला की मारुतीला नैवेद्य दाखवायच्या आधीच आराच्या कडेचा एक रोडगा उचलून बाजूला ठेवायचा. सगळे जेवायला बसले की तोच खायचा. दुसरा घेतला तर तोही नैवेद्याच्या ताटातला नाही. मी त्याचं नाव हावरा ठेवलं. चारचौघांत, त्याच्या बायकोदेखत, पोरांदेखत. देवाच्या आधी याच्या पोटाला लागते, असं मी दरवर्षी म्हणायचो आणि माणसं दरवर्षी हसायची. तोही हसायचा. खाण्याआधी रोडग्यावर मान वाकवून बराच वेळ फुंकत बसायचा, तर मी म्हणायचो, राख किती उडवशील, जीभ भाजायची एवढी भीती असेल तर घाई कशाला करतोस. ही थट्टा नऊ वर्षं चालली.

गेल्या वैशाखात त्याच्या रेखाचं लग्न झालं. पत्रिका द्यायला तो स्वतः घरी आला. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती नव्हता, कुलदैवत नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. वरची दोन बोटं जागा कोरी. मी ती पत्रिका चष्मा लावून पाहिली आणि काय म्हणालो असेन? म्हणालो, दिगंबर, छापखान्यावाल्यानं तुला फसवलं, गणपतीच गाळला, जा आणि सगळा गठ्ठा त्याच्या तोंडावर मार. दिगंबर खाली बघत राहिला. मग म्हणाला की राहू दे, आता वेळ नाही. मी तर छापखान्यावाल्याला फोन लावायलाच निघालो होतो, त्यानं माझा हात धरला. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी मंगल कार्यालयात जेवणं झाली, मी वाढपी झालो, मठ्ठ्याचं पातेलं धरून पंगतीतून फिरलो. नवरा-नवरी आधीच हार घालून खुर्च्यांवर बसलेले होते. मुहूर्त सकाळचा होता, घरच्या घरी उरकला, असं सांगण्यात आलं. रेखाला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं. थोडं टोचलं, पण म्हटलं, असेल काही अडचण.

मग आषाढात पँट अल्टर करायला शिंप्याकडे गेलो. त्याच्या टेबलाच्या काचेखाली माणसं ठेवतात तसे फोटो, पावत्या, आणि त्यात एक लग्नपत्रिका. नावं तीच, रेखाची आणि जावयाची. पण माथा कोरा नव्हता. वर क्रूस छापलेला होता, त्याखाली प्रभूच्या कृपेनं असं काहीसं लिहिलेलं, आणि विवाहविधी सकाळी दहा वाजता प्रार्थनामंदिरात. मी ती पत्रिका तीनदा वाचली. शिंपी म्हणाला, आमच्याच मंडळीतले आहेत दिगंबरभाऊ, फार वर्षं झाली. फार वर्षं! म्हणजे माझ्या मित्रानं दोन तऱ्हेच्या पत्रिका छापल्या होत्या, आणि ज्यात खरं लग्न होतं ती शिंप्याला दिली होती. मला मठ्ठ्याची पत्रिका दिली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जे उसळलं ते धर्माबद्दल मुळीच नव्हतं. माणूस कुणाला मानतो ते त्याचं तो बघेल, मी कोण लागून गेलो? मला संताप आला तो वगळलं जाण्याचा. एकेक आठवत गेलं. रविवारी उशिरा येणं आठवलं. सकाळची प्रार्थना उरकून येत होता गडी! बाजूला काढलेला रोडगा आठवला. देवाला दाखवलेलं चालत नाही म्हणून तो आधी काढत होता, आणि मी त्याला हावरा म्हणत होतो, आणि त्यानं हावरा म्हणवून घेतलं, पण खरं सांगितलं नाही. माझ्यापाशी सांगण्यापेक्षा त्याला हावरा होणं परवडलं. याहून मोठा अपमान मित्र मित्राचा काय करू शकतो?

घरी येऊन मी सुमनवर, माझ्या बायकोवर ओरडलो. दिगंबर ख्रिस्ती झालाय, तुला माहीत आहे का, म्हटलं. ती मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हाव, माहीत हाये," ती म्हणाली. "शोभानं सांगतलं होतं मले. आठ वर्ष झाले."

शोभा म्हणजे दिगंबरची बायको. रोडग्यांची वांगी चिरता चिरता तिनं सुमनला सगळं सांगितलं होतं. आधी दिगंबर कसा गेला, मग ती कशी गेली, घरात काय बदललं, त्याचा राग कसा उतरला, रात्रीचं पिणं कसं सुटलं. सुमननं ऐकून घेतलं, चार प्रश्न विचारले, आपली चतुर्थी आपण धरली, आणि दोघींची वांगी चिरून झाली. पुढे दरवर्षी आराच्या कडेला तो एक रोडगा मुद्दाम वेगळा पुरून ठेवायची ती सुमनच. म्हणजे माझ्याच शेतात, माझ्याच आरात, माझ्याच बायकोच्या हातानं हा कारभार चालला होता. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर ती म्हणाली, "तुमाले सांगून काय झालं असतं, तुमीच सांगा."

मी आणखी मोठ्यानं ओरडलो.

पुढचे सहा महिने मी दिगंबरच्या दुकानावरून गेलो नाही. पोळा गेला, दिवाळी गेली. कार्यालयात कुणाकडे तरी बोलून गेलो, तर तो डोळा बारीक करून म्हणाला, किती मिळाले म्हणे त्याला? माझा राग क्षणात पलटला आणि त्या माणसावर गेला. दिगंबरला मिळाले? त्याचं जे गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या शेताचा आणि भावाच्या, भास्करच्या शेताचा धुरा, म्हणजे मधला बांध, एकच. वर्षानुवर्षं नांगर थोडा थोडा सरकवत दिगंबरनं भावाची चांगली दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी, जमीन आपल्यात ओढली होती. आमच्याकडे धुऱ्यापायी डोकी फुटतात, भाऊ भावाच्या मयताला जात नाही. आणि एका वर्षी रब्बीच्या पेरणीआधी हाच दिगंबर कुदळ घेऊन गेला, जुना दगड शोधून काढला, धुरा होता तिथं नेऊन बांधला, आणि भास्करच्या दारात जाऊन म्हणाला की माझं चुकलं. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी तर त्याला सरळ विचारलं होतं, येडा झाला का बे? तेव्हा तो काही तरी सांगायला लागला होता. मी म्हणालो, चल, चहा घेऊ.

हे आठवलं आणि त्याच वर्षीचा हिवाळा आठवला. आठवला म्हणजे काय, तो कुठं गेलाच नव्हता, मीच त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

त्या वर्षी रोडग्यांच्या आदल्या दिवशी गावात मोटारसायकलवर दोन माणसं आली होती. साधी माणसं, एक तर वयानं आमच्यापेक्षा मोठा. पारावर उभं राहून येशूबद्दल बोलत होती आणि पातळ पुस्तिका वाटत होती. आम्ही पाच-सहा जण गेलो. मारहाण झाली नाही, पण मारहाण कशाला लागते? मी त्या मोठ्या माणसाच्या हातातला गठ्ठा ओढून घेतला, मोटारसायकलची चावी काढून चिखलात टाकली आणि ती त्यांना शोधायला लावली. तो माणूस वाकून चिखल चाचपत होता आणि आम्ही हसत होतो. हे मी आज लिहितोय, आणि लिहिताना मला माझीच कॉलर धरावीशी वाटतेय. मला ऐकायचं नव्हतं तर मी घरी जायचं होतं. त्यांना परतवून लावायचा हक्क मला कुणी दिला होता?

दुसऱ्या दिवशी शेतात गोवऱ्या दवानं ओलसर झालेल्या, पेट घेईनात. मी तो गठ्ठा पिशवीतून काढला. पानं फाडून गोवऱ्यांखाली सारली. कागद गुळगुळीत होता, लवकर धरेना. आदल्या दिवसाचा पराक्रम मी रंगवून रंगवून सांगत होतो, आणि माणसं हसत होती. दिगंबर त्या वर्षी लवकर आलेला. समोर बसला होता. हसत होता की नव्हता, हे मला आठवत नाही, कारण मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

हे सगळं घोळत असताना मार्गशीर्ष संपला. रोडग्यांचा दिवस ठरवायची वेळ आली, तेव्हा सुमननं एवढंच विचारलं, दिगंबरभाऊजींचा रोडगा पुरायचा की नाही? मी चप्पल घातली आणि दुकानावर गेलो.

तो एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. मला पाहून त्यानं तार खाली ठेवली आणि बस म्हणाला. बसायला आलो नाही, असं सांगून मी सहा महिने घोकलेलं सगळं ओकलो. शिंप्याला माहीत, माझ्या बायकोला माहीत. ज्यांना मी ओळखत नाही ती माणसं माझ्या गावात येऊन मला त्यांचा देव सांगतात, आणि ज्याच्या ताटात मी जेवलो तो तोंड शिवून बसतो. तुझ्या जिवाला एवढी मोठी गोष्ट मिळाली, आणि ती द्यायच्या यादीत मी नाही?

"काऊन बे दिग्या," मी म्हणालो, "मले काऊन नाही सांगतलं?"

तो बोटांना लागलेलं वार्निश चिंधीनं पुसू लागला.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "त्या वर्षी रोडग्याच्या दिवशीच सांगणार होतो. तुह्यासाठी एक पुस्तक घेऊन आलो होतो खिशात. म्हणून तर लवकर आलो."

"मग?"

"मग तू माचिस मांगतली."

काडेपेटी मी मागितली होती. कुणाकडे मागितली, ते मला नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

"एका खिशात पुस्तक होतं न दुसऱ्या खिशात माचिस," दिगंबर म्हणाला. "मी तुले माचिस काढून देली. कागद जळून राह्यले होते, न मी आरापाशी बसून पाह्यत होतो. ज्यानं माचिस देली त्यानं तुले कोणत्या तोंडानं सांगाव मधू?"

मोटारीच्या पत्र्यावर ऊन पडलं होतं. बाहेर कुणी तरी आपला पंप कधी मिळेल म्हणून विचारायला आलं आणि आमचे चेहरे बघून पायरीवरच थांबलं. मला वाटत होतं, याला मिठी मारावी. पण मला तसलं काही जमत नाही. मी एवढंच म्हणालो की रविवारी रोडगे आहेत, ये. तो म्हणाला, दुपारून येईन. मी म्हणालो, आता माहीत आहे मला का दुपारून ते.

रविवारी तो आणि शोभा आले तेव्हा आर चांगला धरला होता. सुमननं पुरलेला कडेचा रोडगा मी स्वतः चिमट्यानं काढला, पोत्यावर घोळून राख झाडली आणि दिगंबरच्या ताटलीत ठेवला. मारुतीचं ताट अजून भरायचं होतं. माझा चुलतभाऊ गजानन हे पाहून हसला. या हावऱ्याला यंदा देवाच्या आधी पानच वाढलं वाटतं, असं म्हणाला. शब्द माझेच होते. मीच शिकवलेले, नऊ वर्षं घोटून घेतलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दिगंबर उभा राहिला.

"हावरा नाही गजू," तो म्हणाला. "मी येशूले मानतो. देवाले दाखवलेलं मी खात नाही, म्हणून आधीचा घेतो. नऊ वर्ष झाले. तुमाले सांगाले भेलो, ते चुकलं माहं."

शोभानं पदर दातात धरला होता. भास्कर, त्याचा भाऊ, तुरीच्या पेंढीला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला की मला धुऱ्याच्या वर्षीच समजलं होतं, इतकं सरळ याला एकट्याला जमलं नसतं. गजानननं डोळा बारीक केला आणि किती, असं म्हणायला सुरुवात केली. मी त्याला तिथंच थांबवलं. आवाज चढवावा लागला. माझ्या शेतात, माझ्या आरापाशी हा प्रश्न कुणी विचारायचा नाही, असं सांगितलं. गजानन तोंड वाकडं करून पाण्याचा तांब्या घ्यायला उठून गेला. तो परत आला आणि जेवलाही, पण दिगंबरशी बोलला नाही. अजून बोलत नाही.

मी पाच रोडगे मारुतीला ठेवले, हात जोडले, परत आलो आणि दिगंबरच्या शेजारी बसलो. त्यानं नेहमीसारखी मान वाकवली. ताटलीवर वाकून तो बराच वेळ तसाच राहिला. रोडग्याची राख मी केव्हाच झाडलेली होती. या वेळी मी जवळून पाहिलं. तो फुंकत नव्हता, त्याचे ओठ हलत होते. तो डोळे उघडीपर्यंत मी माझा घास थांबवला. मग विचारलं, काय म्हणतोस एवढं?

"अन्नासाठी धन्यवाद देतो," तो म्हणाला. "मंग सगळ्याईचे नावं घेतो. तुहं पयले."

"कधीपासून?"

"त्या वर्षीपासून."

पुन्हा माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं! नऊ वर्षं हा माणूस माझ्याच आरापाशी बसून, माझंच अन्न पुढ्यात घेऊन, त्याच्या देवाला माझ्याबद्दल सांगत होता, आणि मला त्याच्या देवाबद्दल एक अक्षर नाही. मी तुपाचं भांडं घेतलं आणि त्याच्या चुरलेल्या रोडग्यात धार धरली, तो पुरे पुरे म्हणेपर्यंत आणि नंतरही.

"त्याले माह्याबद्दल लय सांगून झालं," मी म्हणालो. "आता मले सांग. पटलं नाही तर भांडीन, पण सांग."

दिगंबरनं डावा हात खिशात घातला आणि एक लहानसं पुस्तक काढलं. कोपरे मुडपलेले, पानं पिवळी पडलेली, आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये नऊ वर्षं पडून राहिल्यामुळे वार्निशचा वास धरलेलं. त्यानं ते माझ्यापुढे केलं. मी हात पुढे नेला आणि थांबलो. बोटांना आराची राख होती. मी उठलो, हौदावर जाऊन दोन्ही हात घासून धुतले, रुमालानं कोरडे केले, आणि मग ते घेतलं.